ट्यूबा कोणी घेईना

जावईबापूंना खरं नाव होतं, पण ते त्यांच्या स्वतःच्याही कानावर फारसं पडत नसे. सासऱ्यांनी जावईबापू म्हणावं हे ठीक. पण पोस्टमन, दूधवाला, शाळेतल्या बँडच्या बाई, सगळेच जावईबापू म्हणत. घरजावई झाल्याची इतकी जाहिरात दुसऱ्या कोणाची झाली नसेल. सुरुवातीला त्यांना ते टोचायचं, नंतर टोचेनासं झालं. लोक याला सवय म्हणतात. मला विचाराल तर माणूस नुसता दमतो.

खाली वाद्यांचं दुकान आणि वर घर, असा सासऱ्यांचा संसार होता. पुढे काउंटर, मधे पडदा, आणि पडद्यामागे जावईबापूंचं दुरुस्तीचं टेबल. दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे शाळा. नवं वर्ष सुरू झालं की बँडमध्ये नाव घातलेली मुलं आईबापाचं बोट धरून येत आणि वर्षभरासाठी वाद्य भाड्याने नेत. वर्ष संपलं की चेपलेली ट्रम्पेटं, बूच झिजलेली क्लॅरिनेटं आणि नळी वाकलेले ट्रॉम्बोन परत येत, आणि सुट्टीभर जावईबापू त्यांना माणसात आणत. एकदा एका वाद्याच्या पोटातून मोजा निघाला होता. तो कोणाचा, हे अजून कोणी कबूल केलेलं नाही.

काउंटर मात्र बायकोचं. कोणत्या मुलाने काय वाजवायचं हे ती ठरवायची. मुलाचे हात बघायची, दात बघायची, एक मोठा श्वास घ्यायला लावायची. सगळी पोरं ड्रम नाहीतर ट्रम्पेट मागत येत. तिच्याशी दोन मिनिटं बोलून झाली की भलतंच काहीतरी उचलून, आणि वर खुशीत बाहेर पडत. ती नेमकं काय बोलायची ते पडद्यामागे ऐकू येत नसे, कारण पॉलिशच्या मशीनची घरघर चालू असे. आणि जावईबापूंनी कधी विचारलंही नाही. संसारात विचारायच्या राहून गेलेल्या गोष्टींची मोजदाद करायची म्हटली तर कोणाचीच धडगत नाही.

सुट्टी लागता लागता ती गेली. दुखणं फार घाईचं निघालं. लोक आले, बसले, हळहळले, आपापल्या घरी गेले. जावईबापूंना रडू आलं नाही. आपल्याला आता वाईट वाटेल, म्हणून ते बरेच दिवस वाट बघत राहिले, पण तेही काही येईना. ताट समोर आलं की ते जेवत, अंथरूण दिसलं की आडवे होत. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा ओठ आपला राहत नाही ना, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. पोटी मूलबाळ नव्हतं. बायको नाही, मूल नाही, मग आता आपण जावई तरी कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडे. तो कळे, पण लागत नसे.

अशात शाळा सुरू झाली. सासऱ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून काउंटरवर जावईबापू उभे राहिले.

"काय हवं?"

"ड्रम."

"घे."

"मला ट्रम्पेट."

"ने."

एखाद्याला नाही म्हणायचं तर त्यासाठी अंगात काहीतरी लागतं. ते त्यांच्यापाशी नव्हतं. ड्रम संपले तेव्हा त्यांनी माळ्यावरचे जुने काढून, पुसून दिले. आईबाप खूश, पोरं खूश. इतका शांत हंगाम दुकानाने कधी बघितला नव्हता.

पुढच्या आठवड्यात बँडच्या बाई तणतणत आल्या.

"जावईबापू, हा बँड आहे की दरोडा? निम्मा वर्ग ड्रम बडवतोय आणि उरलेला ट्रम्पेटं फुंकतोय! क्लॅरिनेट एक नाही. हॉर्न नाही. ट्यूबा तर नाहीच नाही. माझे कान गेले हो!"

"ज्यांनी जे मागितलं ते दिलं," जावईबापू म्हणाले.

बाईंचा आवाज उतरला. त्या वाईट नव्हत्या. "तुमच्यावर काय ओढवलंय ते कळतं मला. पण मुख्याध्यापक ऐकत नाहीत. शनिवारपर्यंत बँड जागेवर आला नाही, तर यापुढे शाळेची वाद्यं दुसरीकडून येणार. आणि मुलांवर जबरदस्ती करायची नाही, असंही बजावलंय."

त्या गेल्यावर सासरे खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "शाळा गेली की दुकानाला कुलूप, जावईबापू. मी आपला जाईन थोरल्या मुलाकडे. तुमचं काय?"

जावईबापू पडद्यामागे गेले आणि ट्यूबा पुसायला घेतला.

शनिवारी त्यांनी गाडीत तो पोराएवढा पितळी ट्यूबा, हॉर्न, क्लॅरिनेटं भरली आणि शाळा गाठली. बँडच्या खोलीत पोरांसमोर उभं राहून ट्यूबाचं महत्त्व सांगितलं. असं भाषण त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि ते ऐकून का केलं नव्हतं हेही कळत होतं.

"ट्यूबा म्हणजे बँडचा पाया असतो," ते म्हणाले.

"पण काका, पाया कोणाला दिसतच नाही ना," एक ट्रम्पेटवाली म्हणाली. वर्ग खो खो हसला. हात एकही वर झाला नाही.

ते पाणी प्यायला म्हणून व्हरांड्यात आले. मागोमाग एक उंच मुलगी आली. गेल्या वर्षीपासून ट्रॉम्बोन वाजवणारी, वरच्या वर्गातली.

"काका, असं नाही करायचं. दुकानातल्या मावशी सगळ्यांसमोर नाही विचारायच्या. एकेकाला जवळ बोलवायच्या. हात हातात घ्यायच्या आणि बोटं निरखून बघायच्या."

"मग?"

"मग हळूच म्हणायच्या, हे वाद्य कधीचं पडून आहे बघ. खूप जण मागून गेले, मी कोणाला हात लावू दिला नाही. तुझीच वाट बघत होतं." ती हसली. "माझ्या भावालाही हेच सांगितलं होतं. आम्ही घरी ताडून बघितलं."

"राग नाही आला?"

"कशाचा? तोवर वाजवायला लागले होते मी."

ती आत गेली. जावईबापू नळाशी तसेच उभे राहिले. पाणी वाहत होतं, ते बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

ते पोरसवदा होते तेव्हाची गोष्ट. धड शिक्षण नाही, धड नोकरी नाही. कोणाचं तरी मोडकं क्लॅरिनेट दुरुस्तीला टाकायला ते या दुकानात आले होते. काउंटरवर ती होती. तिने क्लॅरिनेटकडे पाहिलंच नाही. त्यांचा हात हातात घेतला, बोटं निरखली आणि म्हणाली, "आत एक टेबल आहे. कधीचं रिकामं आहे. खूप जण विचारून गेले, बाबांनी कोणाला बसू दिलं नाही. तुमचीच वाट बघत होतं."

हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही. आयुष्यात आपल्याजवळ एवढंच एक आहे, ते जपून ठेवावं म्हणून. लोक घरजावई म्हणून हसायचे, तेव्हा ते मनात म्हणायचे, हसा. ते टेबल माझीच वाट बघत होतं.

आणि पोराटोरांना ट्यूबा खपवायलाही तेच वाक्य!

त्यांची कानशिलं तापली. आपल्याला राग आलाय, हे कळायलाच त्यांना थोडा वेळ लागला. ती गेल्यापासून त्यांना काहीच आलं नव्हतं, आणि आला तो हा असा संताप.

त्याच तावात ते खोलीत शिरले. ड्रमवाल्यांतल्या सगळ्यात बुटक्या पोराला त्यांनी कोपऱ्यात बोलावलं, त्याचा हात पकडला आणि दातओठ खात पुटपुटले, "हा ट्यूबा कधीचा पडून आहे. कोणाला हात लावू दिला नाही. तुझीच वाट बघत होता."

पोराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्यूबाकडे. मग आपल्या हाताकडे, जणू तो आत्ताच कोणीतरी आणून दिला होता. "माझी?" असं म्हणून त्याने ते धूड मिठीत घेतलं. त्याच्यामागे पोरगं दिसेनासं झालं, आणि आतून म्हैस हंबरावी तसा आवाज आला.

मग जावईबापूंनी एकेकाला बोलावलं. दुपार उलटेपर्यंत हॉर्न गेले, क्लॅरिनेटं गेली. बाईंनी एक सोपी धून वाजवून घेतली. ती भयंकर होती, पण बँडची होती. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता मुख्याध्यापकांचं मी बघते. तुम्ही निर्धास्त राहा."

दुकानात परतल्यावर त्यांनी सासऱ्यांना ते सांगितलंसुद्धा नाही. दारातूनच विचारलं, "माझ्याआधी त्या टेबलावर कोण बसायचं?"

"आता हे कुठे मधेच?" सासरे आठवू लागले. "बरेच झाले. एक चष्मेवाला होता. एक तो, व्हायोलिनला उलट्या तारा लावायचा. कोणी स्वतः पळालं, कोणाला मी हाकललं. माणूस टिकेल तर शपथ! तुम्ही आलात तेव्हाही मी तिला म्हटलं होतं, हाही जाईल. का हो? तिने सांगितलं नाही कधी?"

"तिने वेगळं सांगितलं होतं."

"काय?"

जावईबापू जिन्याकडे वळले. आज तिला सोडायचं नाही, चांगलं कडाकडा भांडायचं, असं ठरवूनच ते चढू लागले. काय बोलायचं तेही त्यांनी जुळवलं होतं. इतकी वर्षं मला वेड्यात काढलंस, असं सुरू करायचं होतं. ती आधी हसेल, मग म्हणेल, तोवर बसला होतात ना तुम्ही टेबलावर. त्यावर काय म्हणायचं याचा विचार करत असतानाच, अर्ध्या जिन्यात, वर कोणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

तिथेच पायरीवर बसून ते रडले. मोठ्याने, गळा काढून. खाली कोणीतरी क्लॅरिनेटची पत्ती मागायला आलं होतं. सासऱ्यांनी चाचपडत दार ओढून घेतलं आणि त्याला उद्या यायला सांगितलं.