गेनबाच्या जीपची पाच चाकं

गेनबा मंगळवारी सकाळी गेला. गुरुवारी आम्ही राख सावडून परत आलो आणि त्याच दुपारी त्याच्या जीपची चारही चाकं काढली गेली.

एवढं लिहायला मला पाच आठवडे लागले. संपादक म्हणाले होते, मित्राच्या चार गोड आठवणी लिहा. मी बसलो, कागद फाडले, पुन्हा बसलो. गेनबा आठवला की मागोमाग नट सैल होतानाचा तो करकर आवाज आठवतो आणि तोंडाला कडू पाणी सुटतं. तेव्हा जसं आठवतं तसंच लिहितो. गोड झालं नाही तर वाचकांनी समजून घ्यावं.

मी चाकणला शाळेत मास्तर आहे आणि संध्याकाळी गावचं वाचनालय उघडतो. गेनबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर होता. लढाई संपली, माणसं कमी केली, तेव्हा तो पेटीभर पाने-पकडी घेऊन गावी परतला. लग्न केलं नाही. थोरली बहीण विधवा होऊन घरी आलेली. तिने नव्याने शिकून सुइणीचं सरकारी प्रशिक्षण घेतलं होतं आणि ती इथल्या दवाखान्यात नर्स होती. तिला सगळं गाव आक्का म्हणतं, मीही म्हणतो. भामा नदीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवरून बोलावणं आलं की आक्का पायी निघायची, मिळाली तर बैलगाडी. एका पावसाळ्यात ती सांगावा आल्यावर लगेच निघाली, तरी पोचेपर्यंत बाळ आणि बाळंतीण दोन्ही गेली होती. परत येऊन ती ओट्यावर बसली आणि पायांवरचा चिखल वाळेपर्यंत उठली नाही. त्याच आठवड्यात गेनबा देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावाला गेला आणि जीप घेऊन आला.

जीप बैलगाडीवर लादून आली, कारण तिला चाकं नव्हती. चाकांचे ढीग वेगळे आणि त्यांचा लिलावही वेगळा, आणि गेनबाजवळचे पैसे पहिल्या लिलावातच संपले होते. वेशीपाशी बसलेल्या मंडळींना महिनाभर पुरेल इतकी करमणूक झाली. “गेनबा, नवरी आणलीस खरी, पण पाय म्हायेरी इसरून आली का रं?” गेनबाने घरामागे चार दगड मांडले, जीप त्यांवर ठेवली आणि चाकं शोधायला लागला. त्यात दीड वर्ष गेलं. दर रविवारी सोबतीला मी असायचो. मोटारीतलं मला काही कळत नव्हतं, पण त्याला बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा माणूस हवा असे.

चिंचवडजवळ मुंबई रस्त्यावर एक टायरवाला बसायचा. त्याच्याकडे ओळीने काळेभोर, खोल नक्षीचे टायर उभे असत आणि भाव निम्मा. मला वाटलं, काम झालं. गेनबा उकिडवा बसला, नक्षीच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि ते नख माझ्या नाकापुढे धरलं. “वास घ्या, मास्तर.” बुटाच्या पॉलिशचा वास होता. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये तापलेल्या सुरीने नवी नक्षी कोरायची आणि वरून पॉलिश फासायचं, असा तो धंदा. रबर आधीच पातळ झालेलं, ते कोरून आणखी पातळ केलेलं, आणि खाली कापडाचा थर जेमतेम झाकलेला. टायरवाला हसत म्हणाला, “राव, गाडी म्हातारी. तिला कशाला हवी कोरी पायताणं?”

“म्हातारी हाय म्हनूनच,” गेनबा म्हणाला. “तरनी अनवानी बी पळंल. आन् हे काय हाय ठावं हाय का? मेलेल्या म्हशीला तेल चोपडून बाजारात हुबी केलीय तुमी.” मग तो रस्त्याकडेला जाऊन थुंकला. गेनबा एरवी कधी थुंकत नसे. परतीच्या वाटेवर त्याने ओढ्यावर अंगठा वाळूने घासघासून धुतला. म्हणाला, ह्या टायरवर कुणाची तरी लेक बसणार हाय...

त्या दीड वर्षात मला टायर कळले असं म्हणणार नाही, पण गेनबा कळला. रस्त्यावरच्या मोरीच्या कामावरच्या एका ठेकेदाराने त्याला ट्रकचे दोन रुंद टायर जवळजवळ फुकट देऊ केले. मी म्हणालो, घेऊन टाक. त्याने विचारलं, “मास्तर, जोडीतला एक बैल उंच आन् एक बुटका आसला, तर जू कुनाच्या मानंत रुततं? ह्या गाडीची चारी चाकं वढनारी. चारी एका उंचीचीच पायजेत.” शिवाय रुंद टायर नकोच होता. रुंद टायर चिखलावर लोळतो, काटकुळा चिखलातून खाली जाऊन तळाला पाय टेकतो, असं त्याचं म्हणणं, आणि भामेकाठच्या वाटा म्हणजे चार महिने चिखलच. म्हणून तो लष्करी मापाचे अरुंद, जाड दातांचे टायर हुडकत राहिला. नखाने दाबून रबर मऊ आहे का बघायचा आणि आत हात घालून कापडाचे थर चाचपायचा. लोखंडी चाक मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर फिरवून बाजूला खडू धरायचा. खडू सगळीकडून टेकला तर चाक सरळ, तुटक टेकला तर वाकडं. पुजारी कुरकुरला तेव्हा म्हणाला, “देवा, खडू हाय, शेंदूर न्हाई. म्होरल्या पावसात जाईल.” एकदा तो नुकतंच आणलेलं एक चाक न्याहाळत असताना आक्का सहज आली. माठ घेताना वाजवतात तसं तिने ते बोटाच्या पेराने वाजवलं आणि म्हणाली, “बद्द वाजतंय रं.” रंग खरवडून पाहिला तर आत केसाएवढी चीर. पुढे तपासणीचं ते काम आक्काचं झालं.

चार चाकं जमली. पाचवं, गाडीच्या पाठीवर टांगायचं, सगळ्यात शेवटी मिळालं. त्याच्या टायरला बाहेरून वीतभर कापलेलं होतं, दिसायला ओंगळ. गेनबाने आत हात घातला आणि त्याचा चेहरा खुलला. थर सगळे शाबूत होते. त्याने आतून जुन्या टायरचं अस्तर लावलं, बाहेरून ठिगळ मारलं आणि म्हणाला, “पाचात ह्योच खरा. त्वांड फुटलंय, काळीज जाग्यावर हाय.”

तीन पावसाळे जीप चालली. आक्काला वाटेत टाकून ती एकदाही बसली नाही.

त्या मंगळवारी गेनबा विहिरीवर गेला, छातीत कळ आली म्हणून मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसला, तो उठला नाही. गुरुवारी राख सावडून, अंघोळी करून मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचा चुलतभाऊ सयाजी दोन गडी आणि जॅक घेऊन घरामागे होता. सयाजी घराचा कर्ता, कांद्याचा मोठा शेतकरी. कांदा निघाला होता. लाकडी चाकांपेक्षा टायरच्या गाडीत दुप्पट माल जातो आणि बैल थकत नाहीत, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. दोन गाड्यांना चार चाकं लागतात. आमच्याकडे सुतकात औत जुंपत नाहीत. मी तसं चाचरत म्हणालो. सयाजी पान्यावर पाय देत म्हणाला, “मास्तर, नांगराचं शास्त्रात आसंल, पान्याचं कुटं हाय? घरची वस्तू हाय, घरातच ऱ्हातीय. आन् मेलेल्या मानसाच्या गाडीला चाकं कशाला?” गडी हसले. पाठीवरचं पाचवं चाक त्याने बोटाने ढोसलं आणि म्हणाला, “ठिगळाचं हाय, ऱ्हाऊ द्या.” मग जॅकवर जीप उचलली गेली आणि तो मला म्हणाला, “तेवढा दगुड सरकवा की आतनं.”

मी दगड सरकवला.

चारही वेळा सरकवला. दगड तेच होते, गेनबाने जीप आणली तेव्हा मांडलेले. आत आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. दहाव्याला सयाजीने डोक्याचे केस उतरवले, तेराव्याला गोड जेवण घातलं. तो स्वतः वाढत होता आणि त्याच्या नखांत चाकांचं काळं वंगण अजून होतं. मी बुंदीकडे बघत राहिलो आणि पानावरून उठलो. वाचनालयातल्या शोकसभेत तो म्हणाला की गेनबा खोऱ्यातल्या लेकीबाळींसाठी झिजला. टाळ्या झाल्या. सभेचा शोकठराव माझ्याच अक्षरात आहे, आणि त्यात चाकांचा उल्लेख नाही. सयाजीची किळस येते हे लिहिणं सोपं आहे. पण मला किळस येते ती माझ्या हातांची. एवढी पुस्तकं चाळलेले हात, आणि कुणी सांगितलं तर दगड सरकवतात.

मागच्या शनिवारी बाजार होता. सयाजीच्या गाड्या वाचनालयासमोरून गेल्या आणि धुळीत ते जाड दात उमटत गेले. मी खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने दारात आक्का उभी. भर बाजारातून ती पाचवं चाक लोळवत घेऊन आली होती. लुगडं धुळीने भरलेलं. लोक थांबून बघत होते. चाक तिने उंबऱ्यावरून आत घेतलं आणि कपाटाला टेकवलं.

“दगुड तुमी सरकवलात म्हनं,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

“मग चाकंबी तुमीच हुडका. ह्याच मापाची. वाजवून मी घेईन.”

काल रविवार होता. मी देहूरोडला एकटा गेलो, ढीग पाहिले, आत हात घातले, नख रोवलं. काही मिळालं नाही. आक्का खोऱ्यात पायी जाते. जीप दगडांवर आहे. एक चाक माझ्याकडे आहे. तीन हवीत.