खिशातला फ्यूज

आमचे शिवाप्पामामा बंगळूरजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळचे निपाणीचे. माणूस भांडखोर, शंकेखोर, आणि एका नियमाला पक्का: यंत्रात हात घालण्याआधी त्याचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. त्यांच्या थोरल्या भावाचा, गुंडोअण्णाचा, हात आत असताना कुणीतरी बटण दाबलं होतं. तेव्हापासून मामांनी कुणावर विश्वास म्हणून टाकला नाही.

शहाण्णव साली पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली वाकलेले असतानाच त्यांच्या कमरेने दगा दिला. चौघांनी उचलून घरी आणलं, फ्यूज खिशातच राहिला. कारखान्याने दुसरा बसवून प्रेस चालूही केला. तरी मामा तो पांढरा चिनीमातीचा तुकडा उशाखाली घेऊन झोपत. पुढे डावा पाय बधिर व्हायला लागला आणि जयनगरच्या एका दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन ठरलं. मामींबरोबर मी होतो.

आदल्या दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर धनलक्ष्मी आल्या. कानडीत नीट समजावून सांगितलं. एक तर पूर्ण भूल: घशात नळी, श्वाससुद्धा यंत्र देणार, मामांना काही कळणार नाही. नाहीतर पाठीत सुई: कमरेखालचं सगळं बधिर, पण मामा जागे. "तुमच्या बाबतीत दोन्ही चालतील. उद्या सकाळपर्यंत सांगा," म्हणाल्या आणि गेल्या.

कृष्णाबाईमामी म्हणाल्या, "अहो, पूर्ण झोपा. हाडाचा आवाज कशाला ऐकायचा?"

"आणि उठलोच नाही तर?" मामा ओरडले. "झोपलो म्हणजे फ्यूज दुसऱ्याच्या खिशात!"

"मग सुई घ्या."

"आणि पाय परत आलेच नाहीत तर?"

इकडे आड, तिकडे विहीर. मी हसून म्हणालो, "मामा, नाणं उडवू या." ते हसले नाहीत. चादरीचा काठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्या हातांनी अख्खे प्रेस खोलून परत जोडले होते. मला माझ्या विनोदाची लाज वाटली, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच भीती वाटली. संध्याकाळपर्यंत त्यांनी चांगल्या, उजव्या पायाची बोटं शंभरदा हलवून पाहिली.

सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा मामांनी ठरवलं होतं. "सुई. मी जागा राहणार. लक्ष ठेवणार."

"सरी, ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त दीड-दोन तास पालथं पडून राहायचं. हलायचं नाही."

"स्वल्प हललो तरी?"

"नसेच्या अगदी जवळ काम असतं. हलू नका. तुम्ही फार घाबरलेले दिसता, म्हणून स्पष्ट सांगते."

 मामांचा घाम कानामागून उशीवर उतरत होता. मग त्यांनी विचारलं, "आत हात कोण घालणार?"

"सर्जन."

"आणि मी झोपलो, तर तुम्ही कुठे असणार?"

"तुमच्या डोक्याशी. तुम्ही उठेपर्यंत."

"कुणी हाक मारली तर?"

"नाही जाणार."

 "मग मीच चुकत होतो," मामा हळूच म्हणाले. "कुणाचा हात आत असताना यंत्र हलता कामा नये. या वेळी यंत्र मी आहे." त्यांनी उशाखालून फ्यूज काढला आणि डॉक्टरांपुढे धरला.  "पूर्ण भूल द्या. यंत्र बंद ठेवणाऱ्या तुम्ही, हा तुमच्या खिशात ठेवा. दुसऱ्या कुणाला देऊ नका, अक्का."

मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी फ्यूज रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या खिशात घातला.

मग दार बंद झालं. मामी आणि मी बाकावर बसलो. दोन तास म्हणाले होते, तीन झाले. मामी प्रत्येक पांढऱ्या कोटाच्या खिशाकडे पाहत होत्या. माझ्याच्याने त्यांच्याकडे पाहवेना.

शेवटी आम्हाला आत बोलावलं. मामांचे ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर उशाशी उभ्या होत्या. "शिवाप्पा, पाय हलवून दाखवा," त्या म्हणाल्या.

मामांनी पाय हलवला नाही. मामींनी माझं मनगट घट्ट आवळलं. मग चादरीखालून मामांचा हात हळूहळू बाहेर आला आणि डॉक्टरांपुढे उघडा झाला.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून त्या हातावर ठेवला. मामांची मूठ मिटली. त्यानंतर डाव्या पायाचा अंगठा हलला.