बारावा तंबू

निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी मला आणखी एक पोस्टिंग मिळालं. ठिकाण, बदलापूरच्या पुढे जंगलातला एक तलाव. हुद्दा, कॅम्प कमांडंट. पोस्टिंग देणारा अंबरनाथचा प्रतीक, वय अठ्ठावीस. शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांना तंबूत झोपवायचा त्याचा धंदा. माझ्या मुलाच्या ओळखीचा. घरी येऊन म्हणाला, "अंकल, पब्लिकला आता रॉ कॅम्पिंग पाहिजे. लाइट नाही, बाथरूम नाही, एकदम फौजी स्टाइल. तुम्ही फक्त कॅप आणि मेडल्स लावून उभे राहा. बाकी आपण बघतो."

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वय एकाहत्तर. कुळगावात मुलाकडे राहतो. घरात बसून कंटाळलो होतो. मी हो म्हणालो. मेडल्स मात्र नेली नाहीत.

महिना ऑक्टोबर. परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता. दुपारनंतर डोंगरावर ढग जमायचे आणि तिथल्या तिथे रिकामे व्हायचे.

शनिवारी साडेतीनला पोचलो. जे दिसलं ते आधी लिहितो.

फौजेत कॅम्प लावण्यापूर्वी रेकी होते. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला, आंघोळ खालच्या अंगाला, संडासाचा चर त्याहून खाली आणि वाऱ्याच्या पलीकडे. कॅम्प उठताना चर बुजवायचा, चुलीची राखही पुरायची. मागून येणाऱ्याला तिथे पलटण होती हे कळता कामा नये. इथे मागच्या आठवड्याची पलटण पावलोपावली कळत होती. चिप्सची पाकिटं, बाटल्यांच्या काचा, काठावरच्या झुडपांना चिकटलेले ओले टिश्यू पेपर. एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी शेगडी पेटवून त्याची साल कोळसा केलेली. तलावात दोन तरुण शांपू लावून उभे होते. त्यांच्यापासून दहा पावलांवर प्रतीकचा माणूस चहासाठी बादली भरत होता.

"संडासाची सोय कुठे आहे?" मी विचारलं.

"पूरा जंगल आहे ना अंकल," प्रतीक हसला. "हाच तर एक्सपिरियन्स आहे."

मला शिसारी आली. परत फिरणार होतो. तेवढ्यात तंबू दिसले.

वीस तंबू, सगळे नारिंगी, तलावाच्या काठाने एका सरळ रेषेत. काठ जिथे खाली उतरत होता तिथेही रेषा वळली नव्हती. ती तशीच उतरून एका कोरड्या नाल्यात गेली होती. शेवटचे चार तंबू नाल्याच्या वाळूत होते. बाजूच्या करवंदीच्या जाळीत, कमरेच्या उंचीवर, वाळलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या.

असं गवत मला चाळीस वर्षांपूर्वी एकाने हात धरून दाखवलं होतं. पुढचं त्याच्याबद्दल आहे.

तेव्हा मी इंजिनिअर कंपनीत हवालदार होतो. आमची कंपनी पूल बांधण्याच्या सरावासाठी एका तलावावर गेली होती. माझ्याकडे एक सेक्शन होतं. बारा तंबू लावायचे होते. दुसऱ्या दिवशी ०९०० वाजता कमांडिंग ऑफिसर इन्स्पेक्शनला येणार होते. आमचे सुभेदार साहेब जाता जाता म्हणाले, "लाइन बघतील. लाइन सरळ पाहिजे."

फौजेबाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड आहे. पेटीतल्या घडीपासून परेडपर्यंत आमचं सगळं सरळ रेषेवर चालतं. वाकडी रेषा म्हणजे ढिला हवालदार. मी पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत दोरी ताणली. अकरा तंबू उंचावर आले. बाराव्याची जागा नाल्यात आली.

सेक्शनमध्ये सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलातला साधा जवान, काशिनाथ भोईर होता. वय बावीस. जांभूळचा, म्हणजे बदलापूरकडचाच, शेतकऱ्याचा मुलगा. बोलायला कमी, पोहायला पहिला. तो माझ्याजवळ आला.

"उस्ताद, ह्यो नाला हाय."

"कोरडा आहे."

"आता हाय. हे बगा." त्याने माझा हात धरून झुडपातलं गवत दाखवलं. "पानी हितवर येतं. हितं पाऊस नसला तरी येतं. तिकडं डोंगरावर पडला की पुरे."

"जुना पूर असेल. लाइन मोडणार नाही."

चहानंतर तो परत आला. सेक्शन आजूबाजूला बसलेलं होतं.

"उस्ताद, एकच तंबू वर घेऊ. मी घेतो उचलून, एकटा."

सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा. मला राग आला. मी म्हणालो, "तुला पाणी फार कळतं ना भोईर? मग बारावा तंबू तुझा."

सेक्शन हसलं. तोही थोडा हसला. "जी उस्ताद," म्हणाला आणि बिस्तरा उचलून खाली गेला.

इन्स्पेक्शन वेळेवर झालं. सीओ साहेबांनी रेषेच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटला. "वेल डन, हवालदार." मी सॅल्यूट मारला. त्या क्षणी मला किती बरं वाटलं होतं ते आजही आठवतं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त किळस येते ती त्याचीच.

दुपारी पुलाचं काम होतं. काशिनाथ रात्रभर पहाऱ्यावर होता म्हणून त्याला विश्रांती दिली होती. त्याच्या तंबूतला जोडीदार रजेवर होता. कॅम्पवर ऊन होतं. उत्तरेच्या डोंगरावर काळं झालेलं मी पाहिलं. घड्याळही पाहिलं, १४५० झाले होते. वाटलं, लांब आहे.

१५२० वाजता आवाज आला. दगडांवर रोलर फिरवल्यासारखा. वळणावरून पाणी आलं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. माती, फांद्या आणि फेस. आम्ही धावलो. मी तंबूपासून साठ पावलांवर होतो तेव्हा तो होता. चाळीस पावलांवर होतो तेव्हा नव्हता.

तंबूचे दोर मी स्वतः तपासलेले होते. इन्स्पेक्शनसाठी कापड ढोलासारखं ताणलेलं, खुंट्या हातभर ठोकलेल्या, तोंडाच्या दोऱ्या शेवटपर्यंत ओवलेल्या. आतून ते पटकन सुटत नाही.

रेडिओ ऑपरेटर ओरडत होता. "टायगर, टायगर, कॅम्पमध्ये पाणी. एक जवान बेपत्ता. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं.

१७३५ वाजता तो नाला तलावाला मिळतो तिथे सापडला. तंबूच्या कापडातच होता. उजव्या हातात एक दोरी होती, अर्धी सोडवलेली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरीची तयारी सुरू झाली. सुभेदार साहेबांनी मला लंगरच्या मागे बोलावलं.

"बारावा तंबू कोणी लावला?"

"साहेब, मी."

"विचार करून सांग. गेला तो गेला. तुला दोन पोरं आहेत."

मी विचार केला. फार वेळ लागला नाही. इन्क्वायरीत सांगितलं की अकरा तंबू मी लावले, बारावा सॅपर भोईरने मनाई असतानाही पाण्याजवळ हवा म्हणून स्वतः नाल्यात लावला. जवानांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझंच उत्तर दिलं. कागदावर लिहिलं गेलं, स्वतःचा निष्काळजीपणा.

त्याच्या पेटीबरोबर मलाच पाठवलं. भाषा येते म्हणून. जांभूळला त्याच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. त्याच्या वडिलांनी विचारलं, "कसा गेला?" मी त्यांनाही तेच सांगितलं. हुकूम मोडला, नाल्यात झोपला.

म्हातारा म्हणाला, "आमी नाल्यात वासरू पन बांधत नाय."

मी म्हणालो, "बाबा, दमलेला होता."

खोटं बोलल्यावर त्याला दयेचा मुलामाही दिला.

निवृत्तीनंतर मुलाने कुळगावात घर घेतलं. तिथून जांभूळ रिक्षाच्या अंतरावर आहे. पंचवीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही. त्या बाजूचा रिक्षावाला हाक मारू लागला की मी दुसरीकडे बघायचो.

आता परत तलावावर.

मी प्रतीकला म्हणालो, "शेवटचे चार तंबू वर घे."

"का?"

"हा नाला आहे."

"अंकल, सुका आहे. आणि ड्रोन शॉट आहे आपला. लाइन तुटली तर रील गेली."

मी खाली उतरलो आणि पहिली खुंटी उपटली. आतून एक बाई बाहेर आली, मागून तिचा नवरा, हातात ग्लास.

"ओ काका, क्या कर रहे हो? बुकिंग आहे आमचं. लेक व्ह्यू."

"वर चला."

"हे कोण आहेत?" नवऱ्याने प्रतीकला विचारलं.

"फौजी आहेत सर. थोडे स्ट्रिक्ट आहेत. पॅकेजमध्येच आहे." लोक हसले. एकाने मोबाइल काढून माझं शूटिंग सुरू केलं. मी दुसरी खुंटी उपटली, मग तिसरी. गुडघे दुखत होते. प्रतीकने माझा हात धरला.

"अंकल, बस. गेस्टचा मूड जातोय. एवढं काय आहे? इथे कोणी मेलंय का?"

"इथे नाही."

"मग?"

"माझ्या कॅम्पमध्ये मेलाय."

"कोण?"

"एक जवान. जांभूळचा."

"कसा काय?"

चाळीस वर्षं या प्रश्नाचं एक तयार उत्तर माझ्याकडे होतं. तोंड उघडलं, पण ते बाहेर येईना. बाजूला काचा पडलेल्या, शांपूचा फेस काठाला लागलेला, समोर मोबाइल धरलेला. मी म्हणालो, "मी झोपवला त्याला नाल्यात. लाइन सरळ दिसावी म्हणून."

कोणी हसलं नाही. मोबाइलवाल्याने मोबाइल खाली केला. बाईने नवऱ्याला हलकेच म्हटलं, "चल, वर घेऊ." चारही तंबू वर गेले. रेषा तुटली. प्रतीक माझ्याशी परत बोलला नाही.

त्या रात्री पाणी आलं नाही, रविवारीही नाही. हे लिहिलं पाहिजे, नाहीतर ही शौर्यकथा व्हायची. मी कोणाचाही जीव वाचवला नाही.

सोमवारी सकाळी दहाला जांभूळला गेलो. काशिनाथचा म्हातारा बाप, आबा, कधीच गेला होता. काशिनाथची धाकटी बहीण सुमन गावातच दिलेली. वय साठीच्या आसपास. ओट्यावर वाल सोलत होती. शेजारच्या दोन बायका मदतीला होत्या. मी नाव सांगितलं. तिने मला ओळखलं.

"तुमी पेटीसंगं आलते."

"हो, ताई."

"बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दोरी, गवत, चहानंतरचं बोलणं, सेक्शनचं हसणं, इन्क्वायरी. अंगणात तिच्या वडिलांना जे सांगितलं तेही. ती वाल सोलत राहिली. मी संपवल्यावर तिने विचारलं, "त्यानं सांगितलंवतं तुमाला?"

"हो. दोनदा."

"गवत दाखवलं?"

"हात धरून."

तिने टोपली खाली ठेवली. "शाळेवर बोर्ड हाय गावच्या सैनिकांचा. दादाचं नाव नाय. हुकूम मोडून मेला त्याचं नाव कशाला, म्हनले. आबा रोज शाळेवरून शेतात जायचा. नंतर लांबच्या वाटेनं जायला लागला. मरंपर्यंत."

मी हात जोडले. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"माझ्या पाया पडू नका. मला काय सांगता? मला आदीच ठाव होतं." तिने शेजारणींकडे मान केली. "ह्यांना सांगा. मोठ्यानं सांगा. तेव्हा सगळ्या गावासमोर बोलले ना?"

मी परत सांगितलं. पहिल्यापासून, मोठ्याने. तोपर्यंत बांधावरून आणखी दोघं-तिघं आले होते. तिने त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मी सांगितलं. तिने मला पाणी विचारलं नाही. ते बरोबर होतं.

निघताना ती म्हणाली, "आता लिवून द्या. तुमच्या फौजेला बी, शाळेला बी. सही करून."

म्हणून हे लिहिलं. एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला पाठवली आहे, एक शाळेला, एक सुमनताईंना. शाळेतले काय करतील ते त्यांच्यावर आहे. या कागदात फुलं नाहीत, फक्त नोंद आहे.

सॅपर काशिनाथ भोईर, गाव जांभूळ. त्याने धोका ओळखला आणि आपल्या हवालदाराला दोनदा सांगितला. हुकूम चुकीचा होता हे माहीत असूनही त्याने तो पाळला. रात्रभर पहारा देऊन तो नेमून दिलेल्या जागी झोपला होता. जागा मी नेमून दिली होती.

बारावा तंबू माझा होता.