तेराव्याची छत्री

पाचवीला ‘ए’ आणि ‘ॲन’ शिकवताना मी एक शब्द कायम गाळत आले. ॲन ॲपल झालं, ॲन एग झालं, ॲन ऑरेंज झालं, की मी पान उलटायची. शेवटच्या चित्रावर पोरांची नजर जायच्या आत पुढचा धडा सुरू. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलांना छत्रीचं इंग्रजी मी शिकवलेलंच नाही. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरी जे मानगुटीवर बसलं ते बसलंच.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मला पहिली नेमणूक मिळाली शहागडच्या अलीकडे, गोदावरीकाठच्या एका गावात. आमचं घर जालन्यात, मस्तगडला. आठवडाभर गावात भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारची सकाळची शाळा सुटली की अंबडमार्गे एसटीने घर गाठायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचं. वय बावीस. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. इंग्रजीच्या तासाला वर्गात मराठीचा एक शब्द बोलायचा नाही, असा मी नियमच केला होता. मुलांना एबीसीडी शिकून जेमतेम सहा-सात महिने झालेले. म्हणजे त्या तासाला ती मुकीच बसायची, आणि मला वाटायचं, काय शिस्त आहे माझ्या वर्गात!

‘ए’ कुठे लावायचा आणि ‘ॲन’ कुठे, हे फळ्यावर लिहून लिहून मी थकले. कुठल्याही एका वस्तूच्या आधी ‘ए’, आणि नावाची सुरुवात स्वराने होत असेल तर ‘ॲन’. नियम एवढासाच, पण पोरांना त्याची गरजच पटत नव्हती. “बाई, कांदा म्हन्लं की कांदाच ना, त्याच्या म्होरं अजून काय कशाला लावायचं?” असं एकाने मला मधल्या सुट्टीत विचारलं. तासाला विचारायची सोय नव्हती.

मग मी शक्कल काढली. दर शनिवारी प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची आणि तिचं नाव इंग्रजीत सांगायचं. जो ‘ॲन’ची वस्तू आणील, त्याने त्या तासाला माझ्या खुर्चीत बसायचं. पहिल्याच शनिवारी टेबलावर कांद्यांचा ढीग झाला. ॲन अनियन, ॲन अनियन, ॲन अनियन. एकाने अंडं आणलं, ते खिशातच फुटलं. एक जण बापाची कुऱ्हाड खांद्यावर टाकून आला, ती मी घाबरून हेडमास्तरांच्या खोलीत जमा केली. असे तीन-चार शनिवार कांद्यांवर गेले. खुर्चीत कोणाला बसवायचं याची भांडणं व्हायला लागली. शेवटी मी चिडून सांगितलं, पुढच्या शनिवारी जो कांदा आणील तो तासभर वर्गाबाहेर उभा राहील.

त्या शनिवारी एक मुलगी बऱ्याच दिवसांनी शाळेत आली. तिचे वडील काविळीने गेले होते, हे मला माहीत होतं. किती दिवस झाले, हे मात्र मी मोजलं नव्हतं. कांदा चालणार नाही, हे तिला शेजारच्या पोरींकडून कळलं असावं. तिने टेबलावर एक कोरी काळी छत्री ठेवली. मुठीला दुकानातला कागद अजून गुंडाळलेला. माघाचा महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि ही पोर छत्री घेऊन आलेली. मला इतका आनंद झाला की एवढी कोरी छत्री आत्ता कुठून आली, हे विचारायचंही सुचलं नाही.

“ॲन अम्ब्रेला,” ती म्हणाली. अगदी स्वच्छ. मी टाळ्या वाजवायला लावल्या, तिला खुर्चीत बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बापाचं सगळं दुःख विसरून ती थोडीशी हसलीसुद्धा.

तास संपताना मी जाहीर केलं की ही छत्री सोमवारी सहावीच्या वर्गालाही दाखवायची आहे, तेव्हा ती इथेच राहील. आणि मी ती कपाटात ठेवायला निघाले. मुलगी खुर्चीतून उतरली.

“बाई, ती घरी पाह्यजे…”

मी ओठांवर बोट ठेवलं. “इन इंग्लिश.”

तिने माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, “ॲन अम्ब्रेला.”

“व्हेरी गुड.”

“ॲन अम्ब्रेला, बाई. ॲन अम्ब्रेला.”

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. तिच्याजवळ तेवढे दोनच शब्द होते, आणि ते तिला मीच दिलेले होते. मी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गाडी चुकू नये म्हणून जवळजवळ पळतच रस्त्याला आले. एसटी हलली तेव्हा ती मुलगी मागून धावत येताना दिसली. मला वाटलं, आज खुर्चीत बसवलं म्हणून निरोप द्यायला आली. मी खिडकीतून हात हलवला.

रविवारी तिच्या वडिलांचं तेरावं होतं. आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री, वहाणा आणि काठी दान देतात. पुढची वाट लांबची आणि उन्हाची, तिथे सावली मिळावी म्हणून छत्री. चुलता कामासाठी अंबडला गेला होता, तेव्हा तिथून ती आठवडाभर आधीच घेऊन आला होता आणि कोनाड्यात ठेवली होती. पोरीने वर्गाबाहेर उभं राहायच्या भीतीने ती उचलली. तास झाला की परत नेऊन ठेवू, एवढंच तिच्या मनात होतं.

पुढचं मला आमच्या शिपायाने सांगितलं. रविवारी सकाळी छत्री सापडेना, तेव्हा पोरगी रडत खरं बोलली. माणसं शाळेत आली. शिपायाकडे खोल्यांच्या किल्ल्या होत्या, कपाटाची नव्हती. कुलूप तोडायला हेडमास्तरांची परवानगी हवी, आणि हेडमास्तरही गावाला गेलेले. एक जण सायकल मारत शहागडला गेला, पण माघात छत्री कोण विकायला ठेवतो? अंबडला जाऊन येईपर्यंत दान द्यायची वेळ टळली असती. शेवटी भटजींनी छत्रीच्या जागी सुपारी मांडली आणि म्हणाले, चालतं, भाव महत्त्वाचा. सगळ्यांना पटलं. मुलीच्या आईला पटलं नाही. ती म्हणाली, “सुपारीची कुठं सावली पडती का, महाराज?”

सोमवारी चुलता शाळेत आला. मी छत्री पुढे केली. तो चिडलाच नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. “ऱ्हाऊ द्या बाई तुमच्याजवळ. तेरावं झालं. त्यांच्या नावानं आणल्याली चीज आता घरात कशी घ्यावी?” असं म्हणून तो गेला.

मुलगी आठवड्याने आली. मधल्या सुट्टीत सगळी पोरं लिंबाखाली बसायची, ती पटांगणाच्या मधोमध उन्हात जाऊन उभी राहायची. चैत्र लागला तरी तेच. मी एकदा दंडाला धरून तिला ओढलं आणि मराठीतच म्हणाले, “अगं, चक्कर येऊन पडशील, सावलीत ये.”

“बाबाला न्हाई ना सावली,” ती म्हणाली. “एकलेच चालून राह्यले असतील.”

मी तिला काय शिकवणार? मी खोलीवर गेले आणि खूप रडले.

मी ती छत्री जालन्याला घेऊन गेले. ओळखीच्या एका गुरुजींना म्हटलं, एका माणसाच्या नावाने एवढं दान घ्या. त्यांनी नाव विचारलं. ते हजेरीपटावर मुलीच्या नावापुढे होतं, मी सांगितलं. गोत्र विचारलं, ते मला ठाऊक नव्हतं. “मग पोचायचं कसं?” गुरुजी म्हणाले. मी छत्री घेऊन तशीच परत आले. जूनमध्ये माझी बदली झाली, आणि ती छत्री त्या शाळेच्याच कपाटात राहिली.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा प्राथमिक शिक्षकांना ते शिकवायचं कसं, याची प्रशिक्षणं निघाली. मला अंबडला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. तज्ज्ञ! जेवणाच्या सुट्टीत एक तरुण शिक्षिका येऊन पाया पडली. गावाचं आणि वडिलांचं नाव सांगितलं, आणि मी हातातला डबा खाली ठेवला. मी तिथेच तिची माफी मागितली. अठरा-एकोणीस वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती, सगळी उलटसुलट बाहेर आली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आई गेली बाई, मागच्या साली. तेराव्याला आम्ही दोन छत्र्या दिल्या. तिनंच सांगून ठेवल्तं. एक माझी अन् एक तुझ्या बापाची. मी जाऊनच राह्यले तिकडं, तर जाता जाता त्यांचीबी घेऊन जाते, म्हन्ली.”

मी डब्याला झाकण लावलं.

“बाई,” तिने आवाज खाली केला, “एवढी वर्षं झाली. बाबा लई पुढं निघून गेले असतील. आईला सापडले असतील का हो?”

तिचा स्वर अगदी वर्गात बाईंना उत्तर विचारणाऱ्या पोरीचा होता. यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं.

“सापडले असतील,” मी म्हणाले.

तिने लगेच मान हलवली. बाईंनी सांगितलं म्हणजे बराबरच असणार, असा तिचा चेहरा झाला, आणि ती हात धुवायला नळाकडे गेली.