दादाच्या खांद्यावरचा हात

आमच्या घरात फोटो लहान करण्याचं काम माझ्याकडे आहे. नंदुरबारच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेते, त्यामुळे अर्धा दिवस फोटोंतच जातो. फोटो ठरलेल्या केबीत बसला नाही तर वेबसाइट तो घेत नाही. डोंगरातल्या मोलगीकडून येणाऱ्या मुलामुलींकडे बरेचदा एकट्याचा फोटोच नसतो. लग्नातला, नाहीतर शाळेच्या निरोप समारंभातला चारपाच जणांचा असतो. त्यातून मी हवं ते तोंड कापते, लहान करते, चढवते. कडेला कुणाचा तरी कान राहतो, कुणाची वेणी राहते. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरही माझे नियम आहेत. मोठा फोटो टाकायचा नाही. आधी लहान करायचा. नको असलेले महिन्याच्या शेवटी पुसायचे. धानोऱ्याला राहणाऱ्या दादाला, माझ्या थोरल्या भावाला, हे मीच शिकवलं. तो हसून म्हणायचा, "तू एक दिन माणसंबी लहान करी टाकशी."

दादा उन्हाळ्यात गेला. शेतातून आला, पाणी मागितलं आणि वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत ओट्यावर बसल्या जागी गेला. मी पोहोचले तेव्हा घरात रडारड चालली होती. मला आधी कामं दिसतात. मी कागद घेऊन लिहायला बसले. कुणाला कळवायचं, गाड्या किती लागतील, श्रद्धांजलीसाठी फोटो कुठला.

माझ्या मोबाइलमधल्या सगळ्या फोटोंत दादा ताठ उभा होता. एकच हसरा फोटो सापडला, तोही ग्रुपवर आलेला. गेल्या हिवाळ्यात सुरतेचा आतेभाऊ आला होता, तेव्हा आम्ही सगळे, मायसुद्धा, नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारीवर गेलो होतो. तिथे मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात, नजर जाईल तिथवर लाल. त्या लालीत मध्ये दादा, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला कॉलेजात जाणारी पुतणी. मी दादाला कापून वेगळं केलं. डाव्या खांद्यावर मागून आलेली कुणाची तरी चार बोटं होती. ती काढायची तर दादाचा कान जात होता. ती ठेवून मी फोटो पाठवून दिला.

गंधमुक्तीच्या, सुतक फिटण्याच्या दिवशी दारासमोर त्याच फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. मोबाइलवर ठीक दिसणारा चेहरा फ्लेक्सवर चौकोनाचौकोनांचा झाला होता. लहान केलेल्या फोटोत लाल रंग सगळ्यात आधी बिघडतो, कडा सोडून शेजारच्या रंगात शिरतो. मागची मिरची त्या बोटांवर पसरली होती. हात बाईचा की पुरुषाचा तेही कळत नव्हतं. नुसता लाल पंजा, ताटाएवढा.

मायला मोबाइलवरचं काही दिसत नाही. फ्लेक्सवरचं दिसलं.

"हाऊ हात कोना शे?" तिने विचारलं.

वहिनी म्हणाली, माझा नाही. पुतणी म्हणाली, "मन्हा नई, आजी." मी तर फोटो काढणारी. फोटोत मी नसतेच.

"मरेल माणूसना खांदावर जित्ता माणूसना हात कोनी ठेवस का?" माय म्हणाली. "तो संगे लई जाई तेले."

मी तिला समजावलं की फोटो तो जिवंत असतानाचा आहे. ती ऐकून घेत होती, पण तिची नजर पुतणीच्या हातांवर होती. पोरगी घाबरून खोटं बोलते आहे असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिने नातीला अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही. एसटी नको, रिक्षा नको, कुणाच्या गाडीवर बसणं तर नकोच. दुपारचं जेवण तिने सोडलं. भिंतीवर लावायला मी फ्रेम केलेला फोटो नेला, तो तिने उलटा करून धान्याच्या कोठीमागे ठेवला.

स्टुडिओवाल्याकडून मी फोटोतला हात पुसून घेतला. खांदा स्वच्छ झाला. माय म्हणाली, "पुशीसन काय व्हई? व्हता ना तो."

पुतणीची परीक्षा जवळ आली होती. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आते तुम्हीच काहीतरी करा. पोरगी रडी रडी अर्धी व्हई गयी."

तोवर तो हात माझ्याही मागे लागला होता. नातेवाइकांच्या स्टेटसवर दादा फिरत होता, प्रत्येक फॉरवर्डला थोडा आणखी लहान, थोडा आणखी लाल. ऑफिसात एखाद्या मुलीचा फोटो उघडला की मी आधी खांदे बघायची. तिथे कापलेलं एखादं बोट दिसलं की हात माउसवर तसाच थांबायचा. हे कोण, ते कुठे गेलं, असं मी मुलांना विचारायला लागले. "मन्ही बहीण शे, मॅडम," एक जण म्हणाला, "गुजरातमा ऊस तोडाले गई." तिचं बोट मी कापलं नाही. फोटो नाकारला गेला. दुसऱ्यांदा कापलं.

मोठा, मूळ फोटो मिळाला तर हाताचा माणूस सापडेल, हे सरळ होतं. मी आतेभावाला फोन केला.

"तूच सांगस ना, मोठा फोटो टाकू नका, मोबाइल भरी जास," तो म्हणाला. "आते तूच मोठा मांगी ऱ्हायनी!"

"आहे का नाही ते सांग."

"कॉम्प्युटरमा व्हई. धुंडस."

आठवडाभर मी रोज फोन केला. शेवटी त्याने तो मेलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'कडेला तू होतीस. तोंड हललं होतं म्हणून तेव्हा कापली.'

मी फोटो पूर्ण आकारात उघडला. दादाच्या मागे, त्याच्या डाव्या बाजूला अगदी कडेला, मी उभी होते. तोंड उघडं. मोबाइल आडवा धर, असं आतेभावाला सांगत असणार. उजवा हात पुतणीच्या पाठीमागून दादाच्या खांद्यावर. बोटात मायने दिलेली मोत्याची अंगठी, मोती अगदी स्वच्छ दिसत होता. तो हात तिथे ठेवल्याचं मला आजही आठवत नाही.

मी उजवा हात टेबलावरून खाली घेतला. दुपारचे अर्ज माझ्या शेजारणीने भरले.

मायला खरं सांगितलं तर पुतणी सुटली असती आणि माय माझ्यामागे लागली असती. एक मूल आत्ताच गेलेलं. मी फोटोतून स्वतःला कापलं, पुन्हा चार बोटं ठेवली आणि फोटो लहान करायला घेतला. नुसता हात धूसर केला असता तर नजर तिथेच गेली असती. एकदा लहान केला, मोती दिसत होता. आणखी केला, मोत्याचा ठिपका उरला. आणखी केला आणि मिरची बोटांवर पसरली. अंगठी गेली तेव्हा दादाचे दातही गेले होते. हसण्याच्या जागी पांढरी पट्टी उरली होती. तोच फोटो मी छापून घेतला.

रविवारी धानोऱ्याला गेले. त्याआधी अंगठी काढून कपाटात ठेवली.

"सापडी गया, माय," मी म्हटलं. "तुन्हा हात शे तो."

"मन्हा?"

"तू मांगे उभी व्हती. तुले याद नई."

मायने आपला हात पालथा केला, सुलटा केला. वहिनीने माझ्या हाताकडे पाहिलं, अंगठीच्या पांढऱ्या वळाकडे, आणि चुलीपुढे जाऊन भाकर थापायला बसली.

"मन्हा शे ना?" माय म्हणाली. "मंग ऱ्हाऊ दे. काढू नको."

तिने भाकर मागून घेतली. दुसऱ्या दिवशी पुतणी एसटीने कॉलेजला गेली.

फोटो आता भिंतीवर आहे. मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहे. त्याला मी नाव दिलेलं नाही आणि तो उघडत नाही. धानोऱ्याला गेले की माय मला फोटोखाली बसवते, माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेते आणि अंगठा त्या रिकाम्या बोटाच्या मुळाशी फिरवत राहते. मी उठायला लागले की पकड घट्ट होते.

"बस ना," ती म्हणते. "कोठे जाशी?"