सातवी चौकट

मी असल्या गोष्टी मानत नाही. वडिलांचा जळगावात छोटा छापखाना आहे. अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले, आणि आज तशीच पत्रकं लिहून चौकात वाटते. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय... पण घडलं ते लपवणं आमच्या घरात बसत नाही.

दोंडाईच्याजवळ आमचं गाव. श्रावणात रविवारी कानबाई देवी बसते; तिच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सगळे भाऊ मोठ्या काकांकडे — आबांकडे — जमतात. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून दळायला जातो. बायकांची मूठ नाही, त्यावर माझं भांडण दरवर्षीचं! पण तीन वर्षांपासून मोठं भांडण वेगळंच होतं. आबांच्या मुलाने, रवीदादाने, दुसऱ्या जातीतली मुलगी केली आणि आबांनी त्याची मूठ बंद केली. मूठ नाही म्हणजे रोट नाही, म्हणजे तो घरचाच नाही. मी पत्रक लिहिलं, ओट्यावर उभी राहून वाचलं. आबा कप पुढे करत म्हणाले, "तुना कागद वाची व्हयना ना? आते च्या पे."

त्या दिवशी मी सेकंडहँड डिजिटल कॅमेरा नेला होता. त्यात सीन मोड असतात — पोर्ट्रेट, सूर्यास्त, आतषबाजी... मी ग्रुपचा लावला. या मोडमध्ये कॅमेरा प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकट दाखवतो आणि थांबतो. फोटो काढणारा पळत जाऊन बसला, एक चेहरा वाढला, की दिवा भराभर लुकलुकतो आणि दोन सेकंदांत फोटो.

सतरंजीवर आबा, मोठी काकू म्हणजे अक्का, माझे वडील, धाकटे काका नाना आणि त्यांचे दोन मुलगे. सहा चेहरे, सहा चौकटी. बटण दाबलं. कॅमेरा स्टुलावर, मी अजून त्याच्यामागेच — आणि दिवा लुकलुकायला लागला. स्क्रीनवर सातवी चौकट! आबा-अक्काच्या मधल्या रिकाम्या जागेवर. मागे नुसती चुन्याची भिंत. क्लिक. फोटोत तिथे कुणीच नाही.

"भंगारमाईन लयनी का व पोरी?" नाना हसले.

लेन्स पुसली, स्टूल सरकवलं. एकूण चार वेळा काढला, चारही वेळा तेच.

"काय दखास व तुले?" अक्काने विचारलं.

"एक चेहरा जास्त दाखवतोय. तुमच्या दोघांच्या मधे."

अक्काने त्या जागेवरून हात फिरवला. "रव्या आठेच बसे."

"अक्का, मशीन आहे, चुकतं!" मी ठणकावलं. दादाची मूठ मला हवीच होती, पण अशी नाही. "आबा, यावर विश्वास ठेवू नका."

आबांनी गव्हाची टोपली ओढली. "मशीन चुकनं व्हई," ते म्हणाले, "मी बी चुकनू." पाच पुरुषांचा गहू मोजून झाला होता. त्यांनी सहावी मूठ भरली, वर पाव मूठ टाकली.

मी पुन्हा बटण दाबलं. सहा चौकटी. दिवा थांबून राहिला... मी जाऊन अक्काशेजारी बसले, तेव्हाच लुकलुकला.

अक्काने लगेच फोन केला. रविवारी दुपारी दादा-वहिनी जळगावहून आले, रोट खाल्ला.

कॅमेरा दुरुस्तीवाल्याला दाखवला — "ताई, पीस एकदम ओके." भिंतीवरचा डाग, ऊन, सावली, सगळं तपासलं. मला कारण सापडलेलं नाही. तरी कुणी याला चमत्कार म्हणालं, तर मी आजही भांडेन. वहिनीची आणि माझी मूठ अजून बाकी आहे. त्यासाठी मी पत्रकच लिहिणार, चौकटीची वाट बघणार नाही.

ते चार फोटो मात्र मी पुसलेले नाहीत.