धुतलेला पाला

कोऑर्डिनेटर मॅडमनी टेबलावरचा टिश्यू पेपर ओढला, त्यात धरून माझी कढीपत्त्याची फांदी उचलली आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "हा पाला कुठला?"

"आमच्या दारातला, मॅडम."

"म्हणजे तुमच्या वस्तीतला?"

"हो."

"मुलं याला हात लावतात. मग तेच हात तोंडात घालतात. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

फांदी टिश्यूसकट कचऱ्याच्या डब्यात गेली. अठरा मुलं बघत होती. चार-साडेचार वर्षांची. मॅडमनी पर्समधून सॅनिटायझर काढला, हात चोळले आणि दारातून वळून म्हणाल्या, "उद्यापासून अळ्यांचा पाला मी आणीन. स्वच्छ धुऊन. तुम्ही घरून काही आणायचं नाही."

मी म्हणाले, "बरं, मॅडम."

ते 'बरं' अजून टोचतं. मुलांना पेन्सिल धरायला शिकवताना त्यांची बोटं मी माझ्या बोटांत धरते. ते चालतं. त्यांची नाकं पुसते, चड्डी ओली झाली तर बदलते. तेही चालतं. माझ्या दारातल्या झाडाचा पाला मात्र चालत नाही. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. कळूनही मी मान हलवली आणि मुलांना चित्रांच्या वह्या काढायला सांगितल्या.

शाळा निपाणीतली, इंग्रजी माध्यमाची. मी बालवर्गाची टीचर. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मग लहान मुलांना शिकवायचा कोर्स केला. माझ्या आईनं पंचवीस वर्षं तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळला. आम्ही बौद्ध. मुलाखतीच्या दिवशी अर्जावरचं आडनाव वाचून मॅडमनी मान वर केली होती आणि म्हणाल्या होत्या, "अरे वा, बरंच शिकलात की!" असलं कौतुक ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना ते कसं लागतं हे सांगायला नको. मी थँक यू म्हणाले होते.

अळ्यांची कल्पना माझी. आमच्या दारात आईनं लावलेला कढीपत्ता आहे, आता पत्र्याच्याही वर गेलाय. त्याच्यावर दरवर्षी फुलपाखरं अंडी घालतात. त्यातल्या सहा अळ्या मी तीन बरण्यांत घालून वर्गात आणल्या. तोंडाला मलमलचा तुकडा, वर रबरबँड. सुरुवातीला त्या इतक्या लहान आणि मळकट होत्या की पोरं म्हणाली, "टीचर, ही तर चिमणीची शी आहे." मी म्हटलं, बघत राहा. चौथ्या दिवशी शी चालायला लागली तसा वर्ग किंचाळला.

माझा नियम एकच होता. आधी बघायचं, मग बोलायचं. हात लावायचा नाही, भिंगातून बघायचं. रोज सकाळी पहिला प्रश्न ठरलेला, हिनं काल काय खाल्लं? मग पानाची कुरतडलेली कड बघायची. बरणीच्या तळाशी काळ्या गोळ्या पडलेल्या असायच्या, त्या मोजायच्या. कात टाकली का, रंग बदलला का. मग वहीत चित्र काढायचं, जसं दिसलं तसं. हसरं तोंड काढायचं नाही, कारण अळीला हसरं तोंड नसतं. एकदा मी काडीनं एका हिरव्या अळीच्या पाठीला हळूच स्पर्श केला. तिनं डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढली आणि आंबट वास सोडला. आर्या नावाची एक मुलगी आहे, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. ती म्हणाली, "टीचर, तिला राग आला." त्या दिवसापासून आर्या बरणीपासून हलेना.

स्टाफरूममध्ये मात्र वेगळं चाललं होतं. मॅडम सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुम्हाला किळस येत नाही ना? असते सवय." सगळ्या हसल्या. मीही हसले. नोकरी करताना माणूस कशाकशावर हसतो, याची लाज नंतर वाटते.

तर, फांदी डब्यात गेली तो सोमवार. शाळेतली आया मल्लव्वा, तिनं डबा रिकामा करताना ती फांदी काढून पदरात घेतली. म्हणाली, "चांगला पाला हाय की टीचर. आमटीला हुतोय." घरी नेला, फोडणीत घातला, खाल्ला. तिला काही झालं नाही.

मंगळवारी मॅडमनी पाला आणला. प्लास्टिकच्या पिशवीत, बाजारातला, एकसारखा, चकचकीत. एका पानाला भोक नाही. मी म्हटलं, "मॅडम, बाजारच्या पाल्यावर औषध मारलेलं असतं. अळ्यांना चालणार नाही."

"तीनदा धुतलाय. मिठाच्या पाण्यात. आम्ही रोज हाच खातो, आम्हाला कधी काही झालं नाही."

"आपलं वेगळं, मॅडम. अळ्या नाजूक असतात. त्यांना एवढंसंही..."

"तुम्ही मला शिकवू नका."

त्या पिशवी ठेवून गेल्या. आणि तो पाला मी बरण्यांत घातला. माझ्या हातांनी. प्राणिशास्त्र शिकलेल्या हातांनी. फवारणीचं औषध कशासाठी असतं हे मला माहीत होतं, अळ्या मारण्यासाठीच असतं. नाही म्हणता आलं असतं. वर्गात दुसरं कुणी नव्हतं, पाला पिशवीत तसाच ठेवता आला असता. मी घातला. या गोष्टीत मॅडमचा दोष जेवढा आहे तेवढा सांगणारच आहे, पण हा माझा आहे आणि तो मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

बुधवारी सकाळी मुलं धावत बरण्यांकडे गेली आणि थांबली. सहाच्या सहा अळ्या तळाशी पडल्या होत्या. मऊ, काळ्या पडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी आलेलं. एक वाकडी होऊन पडली होती. कुणीतरी रडायला लागलं, मग सगळ्यांनीच सुरू केलं. आर्या रडली नाही. तिनं भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "टीचर, ह्यांनी काल काय खाल्लं?"

मीच शिकवलेला प्रश्न.

मी म्हणाले, "आजारी पडल्या गं त्या."

"काल तर बऱ्या होत्या," ती म्हणाली आणि स्वतःची वही उघडून कालचं चित्र मला दाखवलं. मला तिच्या डोळ्यांत बघवेना. मी बरण्यांवर रुमाल टाकला आणि मुलांना बाहेर घसरगुंडीवर नेलं.

घरी जाऊन पोरं रडली. पालकांच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. असले किडे वर्गात ठेवायचे कशाला, मुलांना इन्फेक्शन झालं तर? गुरुवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून एक छापील कागद पुढे सरकवला. इंग्रजीत होता. मी घरून आणलेल्या अस्वच्छ पाल्यामुळे अळ्या मेल्या आणि मुलांच्या आरोग्याला धोका निर्माण झाला, याबद्दल मी पालकांची माफी मागते. खाली माझं नाव.

"शनिवारी पालकसभा आहे. वाचून दाखवा, सही करा. विषय मिटला."

"पण मॅडम, पाला तर तुम्ही आणलेला."

"मी आणला. घातला कुणी?"

घातला मीच होता. त्यांना ते माहीत होतं. आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "हे बघा, मी तुमच्या बाजूनं आहे. तुमच्यासारख्या मुलींनी पुढे यावं असं मला मनापासून वाटतं. जूनमध्ये तुमचं रिन्यूअल आहे, तेवढं लक्षात ठेवा."

कागद घेऊन घरी आले. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. शेजारची बाई कढीपत्त्याची चार पानं तोडून घेत होती. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची फोडणी याच झाडावर चालते. म्हणून आईनं त्याला कधी औषध मारू दिलं नाही. शेजारीण गेल्यावर मी सगळं सांगितलं. वाटलं, आई भडकेल. ती म्हणाली, "कर जा सही. नोकरी लई मुश्किलीनं मिळालीया."

मी कागद घडी घालायला लागले, तेव्हा तिनं विचारलं, "काय लिवलंय त्यात? वाच बघू."

मी मराठीत करून वाचलं.

"अस्वच्छ म्हंजी?"

"घाण."

तिनं सूप खाली ठेवलं. झाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "सही करायची आसंल तर आदी ते झाड तोड. घाणीचं झाड दारात कशाला ठिवायचं? आख्खी गल्ली खातीया त्येचं. काय सांगू मी लोकांस्नी?"

"आई, चिडतीस कशाला?"

"मी चिडली न्हाय. वखारीत मला घाण म्हणणारी लई भेटली. म्हणू दे, तोंड त्येंचं. पर तसं लिवलेल्या कागदावर मी कवा अंगठा उठवला न्हाय."

मला पदवी मिळाली त्या दिवशी आईनं वखारीत पेढे वाटले होते. आणि नाही म्हणणं तिला जमलं नसेल असं मला वाटायचं, ते तिनं आयुष्यभर केलं होतं. शिकलेली मी, पेन खिशात घेऊन फिरणारी, सही करायला निघाले होते. माझी मलाच इतकी चीड आली की जेवण गेलं नाही.

शनिवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत संस्थेची माणसं, मागे आईवडील, काहींच्या मांडीवर मुलं. मॅडमनी प्रस्तावना केली, "आमच्या टीचर दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले. कागद हातात होता. तिसऱ्या रांगेत आर्या आईच्या शेजारी बसली होती. मी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्याकडे बघून बोलायला लागले.

"आर्या, तू मला विचारलंस, ह्यांनी काल काय खाल्लं. मी तुला खोटं सांगितलं. त्या आजारी नव्हत्या. त्यांनी बाजारचा पाला खाल्ला. त्याच्यावर औषध मारलेलं होतं. आधी त्या माझ्या घरचा पाला खात होत्या आणि वाढत होत्या, तू चित्रं काढलीस ना? तो पाला मॅडमनी फेकून दिला. माझं घर वस्तीत आहे म्हणून. मग त्यांनी बाजारचा आणला, आणि तो त्या बरणीत मी घातला. मला माहीत होतं तरी घातला. मी घाबरले होते. याची माफी मी तुझी मागते. बाकी कुणाची मागणार नाही."

मॅडम उठून म्हणाल्या, "हे अगदी चुकीचं आहे, मी फक्त स्वच्छतेसाठी..." आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, बाजारात मोठं दुकान असलेले, माझ्यावर ओरडले, "शाळेत जात कशाला आणता?"

"जात मी आणली नाही," मी म्हणाले. "मी पाला आणला होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी माझ्या बाजूनं उठलं नाही. मल्लव्वा दारात उभी होती, तीही खाली बघत राहिली. तिला दोष देत नाही, तिचीही नोकरी आहे. आर्याच्या आईनं तिला उचललं आणि त्या दोघी निघून गेल्या. जाताना आर्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिला किती कळलं, मला माहीत नाही.

सोमवारपासून मला वर्गातून काढून ऑफिसात बसवलं. फायली लावा म्हणाले. राजीनामा द्या, असं दोनदा सुचवून झालं. मी देणार नाही. काढायचं असेल तर कारण लिहून द्या, असं मी लेखी मागितलंय. पोच घेतलीय. अजून कुणी कारण लिहून दिलेलं नाही, कारण ते कागदावर उतरवायचं कसं हा त्यांचा प्रश्न आहे.

काल पाणी प्यायला म्हणून माझ्या वर्गासमोरून गेले. बरण्यांच्या जागी भिंतीवर कार्डपेपरची सहा फुलपाखरं चिकटवलीत. चमकी लावलेली. खाली इंग्रजीत लिहिलंय, आमच्या अळ्या फुलपाखरं होऊन उडून गेल्या. नव्या टीचर मुलांकडून ते मोठ्यानं म्हणवून घेत होत्या. सतरा मुलं म्हणत होती. आर्या भिंतीकडे बघत गप्प बसली होती.

चार वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी मेलेलं बघितलं, आणि शाळा तिला सांगते, तू बघितलंस ते खरं नाही. आमच्या कितीतरी पिढ्यांना असंच सांगितलं गेलं. तिच्यापर्यंत ते मी पोचू देणार नाही.

आज रविवार आहे. उद्या सकाळी प्रार्थना संपली की मी फायली ठेवून त्या वर्गात जाणार आहे. नव्या टीचरना बाजूला व्हायला सांगणार. ती सहाही फुलपाखरं भिंतीवरून काढणार, एकेक करून, मुलांच्या देखत. मुलं विचारतील, का काढता?

मी सांगणार.